मोजेवालीचा चौथा पाय

"अहो, हा संध्याकाळपर्यंत मरेल हो!"

परांचीवर उभ्या असलेल्या तिच्या हातून ब्रश निसटता निसटता राहिला. तिनं खाली पाहिलं. चिखलानं माखलेले गमबूट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कमरेवर हात... एक माणूस तिच्या भिंतीकडे बघत होता. तिच्याकडे नाही, भिंतीकडे!

"कोण मरेल?"

"हाच की. तोंड वाघाचं आणि पोट हरणाचं. दात मांस मागणार, पोटाला हवं गवत. खाणार काय बिचारा? त्यात मागे मोराचा पिसारा लावलात... म्हणजे पळायचीही पंचाईत."

"चित्र आहे ते," ती फणकारली. "चित्रातल्यांना भूक लागत नाही."

"मग सुखी आहेत लेकाचे," तो म्हणाला. आणि तेव्हा कुठे त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं... आणि हसला.

आता खरं सांगायचं तर माणूस काही फार देखणा नव्हता. कान तर चांगलेच मोठे. पण हसताना आधी त्याचे डोळे हसायचे आणि मग सावकाश ओठ. ते बघण्याच्या नादात ब्रशला कुठला रंग आहे हेच ती विसरली, आणि वाघाला हिरव्यागार मिशा फुटल्या. तो गेल्यावर त्या पुसायला तिला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात ती दोनदा एकटीच हसली.

तो त्या खाजगी प्राणीबागेचा डॉक्टर होता आणि ती भिंती रंगवणारी चित्रकार. बागेच्या मालकांनी दारालगतची लांबच लांब भिंत तिच्या हवाली केली होती. "एका प्राण्यात दुसरा मिसळा, दुसऱ्यात तिसरा," ते म्हणाले होते. "रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवलीच पाहिजे!" तिला काय, आयतंच मिळालं. लहानपणापासून तिला हाच नाद. मांजर काढायला बसली की त्याला माशाची शेपटी यायची, घोड्याला चोच फुटायची. "आमच्या हिच्या हातून एक प्राणी धड निघेल तर शपथ," असं तिची ताई आल्यागेल्याला सांगायची. आई-वडील गेल्यापासून दोघी बहिणीच एकमेकींना होत्या, आणि घरात ताईचं मत म्हणजे शेवटचं मत.

डॉक्टर मग रोजच यायला लागला. यायचा तो खोड काढायलाच.

"कासवाला पंख? अहो, पाठीवरचं घर कोण उचलणार?"

"डॉक्टर, आजारी नसलेला प्राणी तुम्हाला बघवतच नाही का हो?"

"बघवतो ना. एक परांचीवर उभा आहे."

"मी प्राणी?"

"आजारी नाही म्हटलं, ते नाही ऐकलंत?"

तिनं रागानं तोंड फिरवलं. म्हणजे, राग आल्यासारखं. गालावर निळ्या रंगाचा फराटा आहे हे तिला घरी गेल्यावर ताईनं सांगितलं. मेला, एवढा वेळ समोर उभा होता आणि बोलला नाही!

एका दुपारी मात्र तो खोड न काढता नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "खरा मिसळलेला प्राणी बघायचाय? चला."

बागेच्या मागच्या अंगाला, लोकांना मज्जाव होता तिथे एक शेड होती. आत ओल्या गवताचा आणि औषधाचा वास. कोपऱ्यात एक गाढवीण उभी होती... निदान तिला पहिल्यांदा तसंच वाटलं. राखाडी अंग, लांब कान, ओलसर डोळे. आणि मग तिची नजर खाली गेली. गुडघ्यांपासून खुरांपर्यंत काळे-पांढरे पट्टे, चारही पायांना. कुणीतरी हौसेनं विणलेले मोजे चढवावेत ना, तसे.

"आई गं..." ती कुजबुजली.

"बाप झेब्रा, आई गाढवीण. सगळे हिला मोजेवाली म्हणतात."

आयुष्यभर तिनं डोकं लढवून प्राण्याला प्राणी जोडले होते. पण पट्टे नेमके गुडघ्याशी थांबवावेत, हे तिला शंभर जन्मांत सुचलं नसतं. ती बघतच राहिली. मोजेवाली एक पाऊल पुढे आली, थांबली, मग दुसरं टाकलं. मागचा डावा पाय आतल्या बाजूला वळलेला होता. खूर पूर्ण टेकतच नव्हतं, नुसतं टोक टेकायचं.

"वादळात कुंपण पडलं आणि झेब्रा गाढविणींत शिरला," डॉक्टर सांगत होता. आवाजातली थट्टा पार गेली होती. "आमच्या गाढविणी लहानखुऱ्या. पिल्लू मोठ्या हाडाचं. आत जागाच पुरली नाही, पाय दुमडून वाढला. बाहेर काढताना आई गेली. माझ्या हातांत गेली."

"मग परत असं..."

"मालकांना करायचंय. अशी चार-पाच झाली तर गर्दी आवरणार नाही म्हणतात. मी नाही म्हणतोय. हिचा पाय दाखवतो, आईचं कसं झालं ते सांगतो. अजून तरी ऐकतायत."

ती मोजेवालीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी हिला भिंतीवर काढू? अगदी मधोमध?"

"काढा. पण जशी आहे तशी. हा पाय म्हणजेच माझं सगळं म्हणणं आहे. तो भिंतीवर आला तर मालकांना रोज येता-जाता दिसेल."

"जशी आहे तशी," तिनं शब्द दिला. मानेवर फिरणारा तिचा हात कशाला तरी अडला. तिथे आधीच त्याचा हात होता. तिनं काढला नाही... त्यानंही काढला नाही.

त्यानंतर तिच्या दुपारी शेडमध्येच जायला लागल्या. मोजेवाली चारा खायची, ती चित्र काढायची आणि डॉक्टर काहीतरी निमित्त काढून तिथेच घुटमळायचा. "डोळ्यांनी नाही, बोटांनी बघ," असं म्हणून त्यानं तिची बोटं त्या वाकड्या सांध्यावर ठेवली. कातडीखाली हाड कुठे वळतं, शीर कुठे ताणते, सगळं दाखवलं. 'बघा'चं 'बघ' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो तिला रंगारी म्हणायला लागला होता. इतर कुणी म्हटलं असतं तर तिनं डबा डोक्यावर ओतला असता.

"रंगारी, तू सगळ्यांना सगळ्यांशी जोडतेस. माणसाला कुणाशी जोडशील?"

"कुठल्या माणसाला?"

"समज... मोठ्या कानांच्या."

"त्याला? त्याला गाढवाचे कान आधीच जोडलेत. आता काय राहिलं?"

तो खळखळून हसला. मग हसू ओसरल्यावर, नळाखाली हात धुता धुता, पाठमोराच म्हणाला, "एक रंगारी जोडून बघ ना."

शेडमध्ये नुसता नळाचा आवाज. तिनं खाली बघत ब्रश पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. कसला विचार नि कसलं काय! तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढली होती आणि ती मोजेवालीलासुद्धा दिसत असणार.

भिंतीवर कोळशाची रेघ पूर्ण झाली त्या दिवशी तो बॅग घेऊनच आला. "आठवडाभर आईकडे जाऊन येतो."

"का? बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत आहे. एक काम आहे... आल्यावर सांगतो." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "पाय अगदी बरोबर आलाय गं. मला सांगताना जमत नाही इतका बरोबर." त्या एका वाक्यावर ती दिवसभर तरंगत होती.

दुसऱ्या दिवसापासून रंग चढायला लागला, आणि लोक बोलायला लागले.

पहिला एक स्कूटरवाला. "ताई, बाकी झकास! मागचा पाय तेवढा चुकलाय."

"चुकला नाही हो, ती खरंच तशी आहे."

"असं होय," म्हणत तो गेला, पण चेहरा काही पटलेला नव्हता. मग शाळेच्या मुली आल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसून पाय दाखवला आणि दोघी फिदीफिदी हसल्या. मग दुकानदार, मग बसथांब्यावरच्या बाया. शेडमध्ये जवळून बघताना काळजाला हात घालणारा तो पाय रस्त्यावरून सरळसरळ चूक दिसत होता. प्राणी सुरेख, पट्टे सुरेख, आणि मागचा पाय हात चुकल्यासारखा! किती जणांना समजावणार? पुढे पुढे ती नुसती मान हलवायला लागली.

मग एके दिवशी तिचे कलाशाळेतले सर तिथून चालले होते, ते थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी भिंत पाहिली. "घाई झाली का गं?" ते मायेनं म्हणाले. "तू काढलेला पाय कधी असा वाकडा जायचा नाही." तिनं तोंड उघडलं... आणि 'हो सर' म्हणून गेली.

संध्याकाळी ताई डबा घेऊन आली. रस्त्यापलीकडे उभं राहून तिनं भिंत डोळे भरून पाहिली. कौतुकानं तिचे डोळे पाणावलेच. "कसली देखणी झालीय गं! तो पाय तेवढा नीट कर."

"अगं ताई, तो मुद्दाम..."

"तुला माहीत, मला माहीत. लोकांना काय माहीत? म्हणतील एवढी मोठी भिंत दिली आणि हिला पाय काढता येत नाही."

सकाळी तिनं पांढरा रंग कालवला. दहा-बारा फटकारे, बस. मागचा पाय सरळ झाला, खूर पूर्ण टेकलं. आणि भिंत अशी उजळून निघाली म्हणता! बिचारी निदान भिंतीवर तरी नीट उभी राहू दे, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला 'चुकली' म्हणवून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवशी स्कूटरवाला थांबला, दोन बोटं ओठांना लावून त्यानं शिट्टी मारली. ती खूश झाली. हो, झाली खूश! डॉक्टरला आल्यावर समजावून सांगू, असं तिनं ठरवूनसुद्धा टाकलं.

समजावण्याची वेळच आली नाही. तो परतला तेव्हा मालक पाहुण्यांचा घोळका घेऊन भिंतीसमोरच उभे होते. बसमधून उतरून तो थेट तिथेच आला, खांद्याला बॅग आणि हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"या या, डॉक्टर!" मालकांचा आवाज रस्ताभर गेला. "ही बघा तुमची मोजेवाली! राजकन्या आहे राजकन्या! आणि तुम्ही मला इतके दिवस तो एक पाय दाखवत बसलात."

"साहेब, हे चित्र आहे."

"तेच तर म्हणतो! अशी दिसू शकते ही कल्पनाच मला येत नव्हती. एकीचा पाय वाकडा निघाला म्हणून काय सगळ्यांचे वाकडे निघतात? ठरलं आता. झेब्र्याला सोडा गाढविणींत."

"साहेब, त्या मरतील. गेल्या खेपेला..."

"अपशकुन नको हो, डॉक्टर. पाहुणे आहेत." आणि मालक घोळक्याला घेऊन आत गेलेसुद्धा.

तो तसाच उभा होता. भिंतीकडे बघत. ती जवळ गेली.

"पाय..." तो म्हणाला.

"सगळे चुकला म्हणत होते रे. सर आले होते, तेसुद्धा... ताई..."

"आणि तू काय म्हणालीस?"

तिनं फळीवरचा ब्रश उचलला.

"मी आत्ता वाकडा करते. आत्ताच्या आत्ता करते! माझं चुकलं..."

"वाकडा होता तेव्हा तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ओरडलाच नाही. "तेवढं तुला सोसलं नाही. आठवडाभरसुद्धा." मग त्यानं हातातलं पुडकं परांचीच्या फळीवर ठेवलं. "मी आईला तुझ्याबद्दल सांगायला गेलो होतो. तिनं तुझ्यासाठी शाल विणलीय. तिला परत कशी नेऊन देऊ? घे."

आणि तो शेडकडे निघून गेला. तिनं हाक मारली... दोनदा मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

पुढचं काय सांगायचं! दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पाय पुन्हा वाकडा केला. दुपारपर्यंत मालकांनी पाट्या रंगवणारा आणून तो सरळ करून घेतला. ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली. गाढविणींची हाडं, मेलेली आई, सगळं घडाघडा सांगितलं, रडली. मालक माणूस वाईट नव्हते, त्यांनी पाणी मागवलं. मग शांतपणे म्हणाले, "अहो, पण सरळ काढलीत ती तुम्हीच ना? तुम्हाला तशी दिसली म्हणूनच ना?"

पाण्याचा पेला तसाच ठेवून ती बाहेर पडली.

भिंत गाजली. तिकिटांवर मोजेवाली आली, टोप्यांवर आली, फुग्यांवर आली. रंगारीणबाईंना कामाला तोटा राहिला नाही. जो तो म्हणे, आमच्याकडेही तसलाच पट्ट्यांचा काढा. ती नाही म्हणायची. ताई म्हणायची, "वेडी आहेस." डॉक्टर नोकरी सोडेल असं तिला वाटलं होतं, निदान मग बोलेल तरी. पण त्यानं सोडली नाही. तो गेला असता तर गाढविणींना कोण होतं? फोन केला की तो "कामात आहे" म्हणायचा, आणि ते खरंच असायचं.

वर्ष उलटलं. एका दुपारी बागेतल्या राखणदाराच्या बायकोकडून तिला कळलं, गाढवीण व्याली. ती हातातलं काम टाकून निघाली. कुणी बोलावलं नव्हतं.

शेडच्या कोपऱ्यात गाढविणीवर पोती पांघरलेली होती. पोत्यांखाली काहीच हलत नव्हतं. डॉक्टर जमिनीवर बसला होता, मांडीवर ओलं शिंगरू आणि शेजारी प्लास्टरची बादली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. 'ये' म्हणाला नाही, 'जा'ही म्हणाला नाही.

"धरायला माणूस हवंय," तो म्हणाला. "इथं धर. हलू देऊ नकोस."

ती बसली आणि तिनं धरलं. मागचे दोन्ही पाय वळलेले होते, मोजेवालीपेक्षा जास्त. ह्याचे पट्टे मात्र गुडघ्याशी थांबले नव्हते, लाटांसारखे पोटापर्यंत चढले होते. काय सुंदर होते! तिच्या डोळ्यांनी आधी तेच टिपलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःची शिसारी आली.

तो ओल्या पट्ट्या गुंडाळत राहिला. त्याची बोटं तिच्या बोटांवरून जात होती, परत येत होती. दोघांचे हात पांढरे झाले.

"मला तू हवायस," ती म्हणाली. एवढं वर्ष जे गिळलं होतं ते एका दमात बाहेर आलं. "अजून काही नको. तू हवायस."

"मलाही," तो म्हणाला, पायावरची नजर न काढता. "तू हवीशी वाटणं गेलं असतं तर सुटलो असतो. जात नाही."

"मग?"

"मग काय... अजून दोघी गाभण आहेत. दर वेळी मला तुझा राग येणार. मी घरी येणार, तू दार उघडणार, हसणार, आणि माझ्या हातांना हा वास. मी अवाक्षर बोलणार नाही. पण तुला दिसेल ते. मी छळीन गं तुला. न बोलता छळीन."

"छळ. मला चालेल."

"मला नाही चालणार."

प्लास्टर आधी कोमट झालं, मग घट्ट.

"सोड आता," तो म्हणाला. तिनं सोडलं. शिंगरानं उठायची धडपड केली, कोसळलं, पुन्हा उठलं. त्यानं त्याला पोटाखालून उचलून धरलं आणि बाटलीचं दूध त्याच्या तोंडाशी नेलं. तिनं नळावर हात धुतले. नखांतलं पांढरं काही निघालं नाही. निघताना दारात ती क्षणभर थांबली, पण तो शिंगराला पाजत होता. पाठमोराच होता.

बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. भिंतीपाशी एक कुटुंब कधीपासून कुणाची तरी वाट बघत होतं, नवरा-बायको आणि खांद्यावर बसलेली छोटी मुलगी.

"ताई, आमचा एक फोटो काढता का?" त्या बाईनं मोबाइल तिच्या हातात दिलासुद्धा. "आणि मोजेवालीचे पाय सगळे येऊ द्या हं. पायांतच तर सगळी शोभा आहे!"

ती मागे सरकली, चारही पाय नीट आत घेतले, आणि म्हणाली, "हसा."